निघण्याआधी वाच

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तुझ्या व्हिएन्ना ते इस्तंबूल पायी प्रवासाच्या बोलण्यात माझा आवाज चढला. तू ताटावरून उठलास ते माईंना लागलं, मलाही. म्हणून हे लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवते आहे. कुत्र्यांचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

व्हिसा पुन्हा एकदा बघ. सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तिथे गेलास की तू शेंगेनबाहेर, आणि बल्गेरियात पुन्हा आत यायचं असतं. एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तर माणूस त्या सीमेवर अडकतो. १८० दिवसांत ९०च दिवस मिळतात. सुमारे २४०० किलोमीटर, रोज २५ धरले तरी ९६ दिवस होतात. सर्बिया आणि तुर्कस्तानातले दिवस त्यात मोजत नाहीत, म्हणून जमेल. पण हंगेरीत रेंगाळू नकोस.

टाच चुरचुरली की तिथेच बूट काढून टेप लाव. पुढच्या गावात बघू म्हणालास की फोड आलाच.

आणि कळप दिसला तर लांबून वळसा घाल. धनगराची कुत्री मेंढ्या राखायला अंगावर येतात. तू कळप आणि त्यांच्या मध्ये आलास की झालं. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. काठी उगारू नकोस, खाली तुझ्यापुढे आडवी धर, धनगराला हाक मार आणि तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे सर. चावलंच तर १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धू. रेबीजची लस आधी घेतली आहे म्हणून गप्प बसायचं नाही. तरीही दोन डोस लागतात, एक त्याच दिवशी, दुसरा तीन दिवसांनी.

झालं, शेवटी काढलाच विषय. माफ कर. पण कुत्रं दिसलं की तुझा हात आपोआप पुढे जातो. गेटजवळच्या भुऱ्यासाठी बाबांचा ओरडा खात तू रोज अर्धा पुडा खाली न्यायचास. तो गेला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास.

१५२९ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान फौज घेऊन व्हिएन्नावर चालून गेला. तू त्याच शहरातल्या सेंट स्टीफनच्या चर्चपासून इस्तंबूलला त्याच्या कबरीपर्यंत पायी जाणार, वाटेत सगळ्या धर्मांच्या दारात पाणी पिणार. माहीमला चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेची रांग आणि दर्ग्याची गर्दी बघत वाढलेल्या मुलाला हे सुचलं, याचा मला किती अभिमान आहे ते काल सांगायचं राहिलं. तुर्कस्तानात शिरल्यावर एडिर्नेला सेलिमिये मशीद बघशीलच. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही चुकवू नकोस, २०१५ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं आहे. सेलिमिये बांधणारा सिनान, आणि तू जिथे पोचशील ती सुलेमानच्या कबरीजवळची सुलेमानिये मशीदही त्याचीच.

एडिर्नेनंतर मोकळं माळरान आहे. तिथे कळप असतात.

सॅकच्या बाजूच्या खिशातला बिस्किटांचा पुडा मी काढून ठेवला आहे. रागावू नकोस.

तुझी,
आई