भूप, काळी चार

प्रिय शकू,

गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. तब्येतीचं झालं.

परवा बी.एड.च्या सराव पाठांना परीक्षक म्हणून गेले होते. सहावीचा वर्ग, राग भूप, शिकवणारा एक धिप्पाड मुलगा, गळा अस्सल काळी एकचा, म्हणजे पुरुषी खालच्या पट्टीचा. म्हटलं, झालं! आता पोरं वर गेली की किंचाळणार, खाली आली की पुटपुटणार. पण पठ्ठ्याने दोघातिघांना नुसता 'आ'कार लावायला सांगितला, ऐकला आणि पेटीवर सरळ मुलांच्या गळ्याची उंच पट्टी, काळी चार, धरली. आरोहात तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, त्याचा स्वतःचाच आवाज चिरकला. मुलं खिदळली, तोही हसला आणि पुन्हा तिथूनच गायला. मागच्या बाकावरचा एक जण गांधार लावता लावता सारखा खालच्या रिषभाकडे घसरत होता, तोही शेवटी जागेवर आला. आपल्या गाण्याच्या बाई असत्या तर त्यांनी मान हलवली असती. ती मान किती महाग होती, ते तुला काय सांगायचं!

शेजारच्या परीक्षकांचा शेरा: 'आवाजावर ताबा नाही. फलकलेखन नाही.' दोन्हीकडे गुण कापले. मी म्हटलं, अहो, तो मुलांच्या पट्टीत गातोय म्हणून चिरकला. स्वतःच्या पट्टीत गायला असता तर मैफल झाली असती, पाठ नसता झाला. तर म्हणे, "मॅडम, गुणांच्या तक्त्यात पट्टीचा रकाना दाखवा."

नाहीच तो रकाना. आणि नवा तक्ता करायचं काम आलंय माझ्याच गळ्यात. 'पट्टीची निवड, ५ गुण' असं घातलं, की पुढच्या वर्षी सगळे डोळे मिटून काळी चार धरणार, मग समोर आवाज फुटलेले नववीतले मुलगे का असेनात. नाही घातलं, तर असली पोरं मार खाणार. 'मुलांचं ऐकणे' असं लिहू? मग परीक्षकालाही कान लागतील! विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढून गाणं वर्गात आणलं, तेव्हा हे रकान्यांचं भूत मागून येईल असं वाटलं असेल का ग त्यांना?

फलकलेखनाचं तर तुझ्यापुढे नावच काढायला नको. स्वराच्या डोक्यावरचं टिंब तुझ्या भातखंड्यांच्या स्वरलिपीत तार म्हणजे वरचं सप्तक, माझ्या पलुस्करांच्या स्वरलिपीत मंद्र म्हणजे खालचं. तू फळ्यावर लिहिलेला तार षड्ज मी भर वर्गात पाताळात नेऊन गायले आणि तू परीक्षेपर्यंत अबोला धरलास. अजूनही सांगते, तार सप्तकाला उभी रेघच शोभते.

बरं, एवढं करून त्या मुलाला नोकरी कुठली? शाळेला संगीत शिक्षक हवा स्वागतगीतापुरता, पालकांना दहावीच्या वाढीव गुणांपुरता. हे त्याला मी सांगितलं नाही. कोणीतरी सांगेलच.

माझ्या मनात असं आहे, की निम्मे रकाने उडवायचे आणि परीक्षकाला सक्तीने चार ओळी लिहायला लावायच्या: पाठाच्या सुरुवातीला मुलं काय गात होती, शेवटी काय गायली. समिती हाणून पाडेल, माहीत आहे. तरी मांडणार. तुझ्या त्या पाठनिरीक्षणाच्या वह्या माळ्यावर असतील तर दोन-चार पानांचे फोटो पाठव. रद्दीत घातल्या असल्यास तसं खोटं तरी सांगू नकोस.

नातीचं बारसं झालं का? नाव काय ठेवलंत? घर विकायचं ठरलं असेल तर पेटी मला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
नली

ता. क. : समितीची बैठक पंधरा तारखेला आहे. फोटो त्याआधी हवेत.