आधी एक खण आवर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

"रात्री अंग टेकलं की डोकं सुरू होतं," असं तू फोनवर म्हणालीस, ते मनातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग दिसतो. ओरडत नाही गं. पण त्यातलं प्रत्येक कापड येता-जाता तुला विचारत असतं, धुवायचं, घडी घालायची की देऊन टाकायचं? तू उत्तर देत नाहीस, आणि ते उद्या पुन्हा विचारतं. मला वाटतं, दमवतं ते हेच.

लॉस एंजेलिसच्या संशोधकांचा २०१० सालचा एक अभ्यास आहे. ज्या बायका स्वतःच्या घराबद्दल बोलताना पसारा आणि अर्धवट कामं यांचाच पाढा जास्त वाचत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवस कलताना उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. हे दिसलं ते मुख्यतः बायकांमध्ये. घर कुणाचं काम मानलं जातं, ते यात आलंच. अर्थात मन थकलेलं असलं की पसारा वाढतो आणि जास्त खुपतोही, त्यामुळे सगळा दोष पसाऱ्याच्या माथी मारू नकोस.

अख्खं घर काढू नकोस. टीव्हीखालचा एकच खण घे. बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, कुठल्या कुलपाची ते माहीत नसलेली किल्ली, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड. "असू दे, लागेल कधीतरी" असं तोंडात आलं, तरी हातातल्या वस्तूचा निकाल लावूनच पुढची उचल. आजोबांच्या शर्टांना मात्र इतक्यात हात लावू नकोस. ते आवरायला वेगळी तयारी लागते, आणि घाई कुणालाच नाही.

डोक्यातल्या पसाऱ्यासाठी झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरव. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात हा प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. "ऑफिसचं बघणे" असं मोघम नको. कुणाला फोन, कोणतं बिल, किती वाजता, असं लिही. जितकं बारकाईने लिहिलं, तितकी झोप लवकर लागली.

एवढं करूनही झोप येईना, जेवण जाईना, कशातच मन लागेना, असं दोन आठवडे राहिलं तर खण आवरत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येतं. मी येऊ का, एवढं नुसतं कळव.

आणि इथल्या माळ्यावर तुझ्या कॉलेजच्या वह्या आहेत. चित्रांची वही मी बाजूला काढलीय, ती देणार नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते शनिवारपर्यंत सांग, रविवारी रद्दीवाला येतो.

तुझी,
आई