मागच्या रोटरच्या दोन खोल्या

हिरोशिमा,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

आम्ही सगळे ठीक. माझा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं.

म्हातारा गाडी विकतोय. आमचा घरमालक रे, ज्याच्या शेडमधला फोटो बघून तू मला मध्यरात्री उठवलं होतंस. 1992 ची माझदाची आरएक्स-7, तिसऱ्या पिढीची, म्हणजे एफडी, लाल. तीच ती रोटरी इंजिनाची, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ती. परवा चहाला बोलावलं आणि म्हणाला, डोळे साथ देत नाहीत, यंदा लायसन्स परत करणार. इथे म्हातारी माणसं आपण होऊन लायसन्स परत देतात. मग किल्ली माझ्यापुढे सरकवली. आधी तुला विचारतो, तू नको म्हणालास तर व्यापारी येईल. व्यापारी म्हणजे अमेरिका. 25 वर्षांपुढची गाडी तिकडे सहज आत घेता येते, त्यामुळे इथल्या एफडी एकेक करून जहाजावर चढतायत आणि भाव कुठल्या कुठे गेलेत. मला तो निम्म्यात देतोय.

घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं होतं. काल कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते, बघितलं आणि झोप उडाली.

आपला गेज इथे चालत नाही. एका रोटरला तीन बाजू, म्हणजे रोटर आणि हाऊसिंग (बाहेरचं कवच) यांच्या मधे तीन खोल्या, आणि साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा दाखवून गप्प बसतो. रोटरीचा गेज तिन्ही वेगळे दाखवतो. पुढचा रोटर झकास, तिन्ही खोल्यांचा दाब 8 किलोच्या आसपास. मागच्याची एक खोली बरी, दोन 6 च्या खाली, आणि कंपनीची किमान रेघ 6 ला आहे. दोन शेजारच्या खोल्या एकदम पडल्या, म्हणजे दोघींच्या मधली, रोटरच्या टोकावरची, दाब अडवणारी सील गेली. हे तुला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तर पत्र तुला लिहितोय. ही ऐकते, मान डोलावते आणि विचारते, मग रंग बदलणार का?

तू म्हणशील, मी सांगत नव्हतो? उद्यमनगरात, पांडूमामाच्या लेथशेजारी उभा राहून म्हणाला होतास, "पिस्टन नाही त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कशानं टिकणार? ते कागदावरचं इंजिन." आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नव्हतो. आजही माझं म्हणणं तेच आहे. 1961 ला जर्मनीच्या एनएसयूकडून परवाना घेतला तेव्हा माझदासमोर हीच भिंत होती. सील थरथरायची आणि हाऊसिंगला आतून चरेच चरे पडायचे. त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. माझदाचे इंजिनिअर यामामोतो, त्यांच्या हाताखाली 47 जण त्या ओरखड्यांच्या मागे लागले. शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवून सील केली आणि मे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी विक्रीला आली. 491 सीसीचे दोन रोटर, 110 अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर 84 तासांच्या शर्यतीत ती चौथी आली. कागदावरचं इंजिन 84 तास पळतं होय रे?

आणि तेल पिते म्हणून हसू नकोस. सील कोरडी पडू नये म्हणून पंप मुद्दाम तेल आत सोडतो. व्हॉल्व्ह नाहीत, नुसते पोर्ट, म्हणजे भोकं. आपली यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल वेगळं काय करत होती? जी तू मला न विचारता सांगलीच्या पोराला विकलीस. तिच्या बोअरिंगचे अर्धे पैसे माझे होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हाताऱ्याचा हट्ट मला कळतो. 1991 ला माझदाच्या चार रोटरच्या 787बीने फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, जपानी गाडीने ती जिंकायची पहिलीच वेळ. त्या दिवशी हा माझदाच्या कारखान्यात होता. पुढच्या वर्षी कर्ज काढून ही गाडी घेतली. ती बोटीवर चढलेली त्याला बघायची नाही.

पण मी तरी किती दिवस इथे? पोरीचं शिक्षण मार्गी लागलं की परत, असं आण्णांना सांगितलंय. आणि तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्याकडे आणता येत नाही. म्हणजे मी ती उभी करायची आणि पुन्हा कुणाच्या तरी हातात द्यायची. खर्च वेगळाच. 1308 सीसी असली तरी रोटरी म्हणून कराला दीडपट धरतात, वर जुनी म्हणून जादा. हाऊसिंग खराब निघाली तर तुझं बोअरिंग मशीन इथे आणूनही उपयोग नाही. आत क्रोमचा थर असतो, तो गेला की हाऊसिंग नवीच. सील तुटली असेल तर तुकडा टर्बोत जाणार, ते दुखणं आणखी मोठं.

आता नीट वाच. गेली काही वर्षं म्हातारा गाडी जेमतेम कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचा. इंजिन धड तापायच्या आत बंद. मला शंका आहे की सील तुटलेली नाही, कार्बन साचून खाचेत अडकलीय. नुसत्या उभ्या राहिलेल्या डिझेल इंजिनाच्या पिस्टनवरची रिंग जाम होते, तसंच. तसं असेल तर उघडायच्या आधी सोडवून बघता येईल. पण तुटलेली असली आणि मी इंजिन फिरवत बसलो, तर चांगली हाऊसिंग माझ्या हातून जाईल. आधी सोडवून बघू की सरळ उघडू? जाम रिंगा तू शेकड्यांनी सोडवल्यास, तुझ्या हाताला काय वाटतं ते मला हवंय. इथले मेकॅनिक अदबीनं सांगतात, नवीन इंजिन बसवा.

शेडच्या कर्जाचं झालं का? चिंत्या परत कामावर येतोय म्हणे, ठेवून घे, हात चांगला आहे त्याचा. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून टाक. वहिनींना नमस्कार.

म्हाताऱ्याने महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. पत्राची वाट बघत बसणार नाही, वाचलंस की फोन कर. गेजचे सहाही आकडे लिहून ठेवलेत, फोनवर सांगतो.

तुझा,
सद्या