बाळंतिणीचे तूप आणि बाळाचे दूध

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाळंतिणीला सव्वा महिना डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, वर तुपाची धार असलेला मऊ भात मिळतो. जेवढे तूप, तेवढे दूध दाट, असा हिशेब त्यामागे असतो. तो बरोबर नाही. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण ४ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि तूप वाढवल्याने तो फारसा वाढत नाही. दूध पातळ दिसते ते बहुतेक वेळा पाजण्याच्या सुरुवातीचे. शेवटचे दूध दाट येते. म्हणून पाच मिनिटांत बाळाला दुसऱ्या बाजूला घेऊ नये. एक बाजू रिकामी होऊ द्यावी.

आईच्या खाण्याने बदलतो तो स्निग्धांशाचा प्रकार. तिने आज जे तेल-तूप खाल्ले त्यातली स्निग्ध आम्ले काही तासांतच दुधात उतरतात, बाकीची तिच्या अंगातल्या साठ्यातून येतात. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागते ते डीएचए नावाचे ओमेगा-३ आम्ल, आणि आईच्या आहारात ते नसेल तर दुधातही कमीच असते. तुपात ते जवळपास नाही. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात ओमेगा-६ हे वेगळ्या प्रकारचे आम्ल भरपूर, ओमेगा-३ नावापुरते.

आपल्याकडची जवसाची चटणी इथे उपयोगी आहे, पण तिची मर्यादाही सांगायला हवी. दोन चमचे पुडीत सुमारे २ ग्रॅम ओमेगा-३ असते, मात्र ते एएलए या रूपात. शरीर त्यातून फार थोडे डीएचए बनवते, त्यामुळे जवस खाल्ले तर दुधात एएलए वाढते, डीएचए जवळपास तेवढेच राहते. तरी जवस खावेच, फक्त अख्खे नको. ते न पचताच बाहेर पडते. मंद आचेवर भाजावे, एका वेळी आठवड्यापुरतेच कुटावे आणि झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे. कुटलेले जवस खवट लवकर होते. तसा वास आला तर टाकून द्यावे.

डीएचए हवे तर मासे. कारवार, गोव्याकडून येणारा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा पुरेशी, तीही तळून नव्हे, कालवण करून. मोरी म्हणजे शार्कसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो, ते टाळावेत. मासे खाल्ल्याने बाळाला खाज सुटते म्हणून सव्वा महिना ते बंद ठेवतात; ज्या घरात माशांची ॲलर्जी नाही तिथे या पथ्याला आधार नाही. शाकाहारी आईने शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या गोळ्या, दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

टाळायचे ते वनस्पती तूप आणि त्यात केलेली खारी, पफ. त्यातली ट्रान्स आम्ले, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी अपायकारक स्निग्ध आम्ले, थेट दुधात येतात. २०२२ पासून तेल-तुपात ती २ टक्क्यांवर जाऊ नयेत असा नियम आहे, पण वारंवार तापवलेल्या तेलातली भजी कोण तपासणार? बेळगावची दुधाची मिठाई कुंदा मात्र चवीपुरती खाल्ली तर बिघडत नाही.

कर्नाटक सरकारच्या मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीतून स्तनदा मातांना जेवण आणि दूध, अंडे, चिक्की मिळते. उत्तर कर्नाटकात जवस पिकते. त्याची ताजी चटणी तिथल्या जेवणात चमचाभर वाढायला काय हरकत आहे?

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)