टीएसएच कमी, म्हणजे थायरॉइड जास्त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर बीपी-शुगरबद्दल नेहमी छापून येतं. थायरॉइडचा विषय निघाला की मात्र गोष्ट लठ्ठपणा आणि केसगळतीपाशीच थांबते. त्यानं हृदयाचे ठोकेही बिघडतात, हे कळायला आमच्या घरी वर्ष गेलं.

आई ६४ वर्षांची. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचं वजन उतरायला लागलं, जेवण मात्र आधीपेक्षा जास्त. घाम, धाप, रात्रभर झोप नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की घाम कोणाला येत नाही? शेजारणी म्हणायच्या, 'कर्जाची काळजी जिवाला लावून घेतली बाईनं.' चहा घेताना बशी कपाखाली खडखड वाजायची. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. छातीत धडधडतं म्हटलं की एका दवाखान्यात गॅसची गोळी, दुसऱ्यात 'घाबरू नका'. बीपीच्या मशीनवर १३०/८० दिसलं की आम्हीही निर्धास्त.

शेवटी लसीकरणाला गावात आलेल्या सिस्टरनं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर सोडलं नाही. 'काकू, दोन ठोके लागून पडतात, मग एक गळतो. ईसीजी काढा.' निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा. रक्ताच्या तपासणीत टीएसएच आला ०.०१, म्हणजे फारच कमी.

खरा धोका इथून पुढे होता. भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं रिपोर्ट वाचून जाहीर केलं, 'थायरॉइड कमी झालं आहे', आणि मावशीच्या डबीतली थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडचा स्राव बाहेरून देणारी गोळी आईपुढे केली. आईनं पाण्याचा ग्लासही उचलला होता. टीएसएच हा थायरॉइडचा स्राव नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम देते, तो हा. स्राव आधीच उतू जात असेल तर हुकूम थांबतो आणि आकडा तळाला जातो. त्यात वरून थायरॉक्सिन म्हणजे आगीत तेल.

थायरॉक्सिन रीतसर चालू असलेल्यांनाही हे लागू आहे. अशक्तपणा वाटला म्हणून आपल्या मनानं दीड गोळी घेणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात १९९४ साली दिसलं की साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होता, त्यांच्यात दहा वर्षांत हा ठोक्यांचा विकार सुमारे तिप्पट आढळला. उलट थायरॉइड खरंच मंद असेल तर बहुधा ठोकेही मंदावतात.

आईला थायरॉइडचा स्राव कमी करणारी कार्बिमॅझोल, ठोके आवरायची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. थायरॉइड ताळ्यावर आलं तसे चार महिन्यांत ठोकेही सरळ झाले. सगळ्यांचे होतातच असं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

माझं मागणं छोटं आहे. आरोग्य केंद्रात आणि शिबिरात साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी मशीन बाजूला ठेवून मिनिटभर हातानं बघावी. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजीबरोबर टीएसएचही लिहून द्यावा. आणि आपण या पत्राचं शीर्षक तेवढं ठळक छापावं. ती डबी मावशीकडे अजून तशीच, कोनाड्यात उघडी असते.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ