लॉ फर्ममध्ये इंटर्नशिपला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचला आणि मनापासून आनंद झाला. चांगली चाललेली नोकरी सोडून कायद्याकडे वळलास तेव्हा लोकांनी तुला वेड्यात काढलं होतं, आणि आता लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप! छाप कशी पाडायची, असं विचारलंयस. इंटर्न्सना काम देणं माझ्याकडेच असतं, म्हणून जे रोज दिसतं ते लिहितो.

मीटिंगमध्ये हुशार प्रश्न टाकला, पार्टनरला लिफ्टमध्ये गाठलं की छाप पडते, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. आम्ही एकच बघतो: याने दिलेला कागद मला पहिल्यापासून पुन्हा तपासावा लागेल का? लागणार नसेल, तर पुढचं काम आपसूक तुझ्याकडे येतं आणि ते आधीपेक्षा चांगलं असतं.

हे सगळं काम घेतानाच ठरतं. वही-पेन घेतल्याशिवाय कुणाच्या केबिनमध्ये जाऊ नकोस. सिनियर घाईत अर्धवटच सांगणार, हे धरून चाल. "मुदतीचा मुद्दा बघ" म्हणाले, तर कोणत्या दाव्याची मुदत, ती कधीपासून मोजायची यावर वाद आहे का, आपण कुणाच्या बाजूने आहोत, आणि उत्तर युक्तिवादासाठी हवंय की अशिलाला कळवायला, हे तिथल्या तिथे विचारून घे. किती वेळ द्यायचा, तेही. मान डोलावून बाहेर पडायचं आणि मग चाचपडत बसायचं, यात सगळ्यांचाच वेळ जातो.

नोट लिहिताना उत्तर पहिल्या ओळीत दे. एका इंटर्नची नोट मला अजून आठवते. सुरुवातच अशी होती: "दावा मुदतीत आहे, पण नोटीस मिळाल्याची तारीख सिद्ध झाली तरच." शेवटी आपल्या विरोधात जाणारा एक निवाडा तिने स्वतःहून जोडला होता, नडणाऱ्या परिच्छेदावर खूण केली होती आणि वरच्या न्यायालयाने तो फिरवलेला नाही, हेही तपासून लिहिलं होतं. तो कागद मी तसाच मीटिंगला घेऊन गेलो. विरोधातलं दडवणारा माणूस आम्हाला नको असतो. ते समोरचा वकील शोधणारच आहे.

निवाडा मुळातून वाच. नुसत्या हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशावर, विसंबू नकोस. न्यायाधीशांनी वकिलाचा युक्तिवाद नोंदवलेला असतो आणि घाईत वाचणारा तोच न्यायालयाचा निष्कर्ष म्हणून उचलतो. अल्पमताच्या निकालातलं वाक्यही असंच फसवतं.

एआयबद्दल तर कळकळीने सांगतो. न्यूयॉर्कमधला माटा विरुद्ध एव्हियान्का खटला तुझ्या कानावर असेलच. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी न्यायालयात दिले आणि जून 2023 मध्ये त्यांना व त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलर दंड झाला. हे निवाडे खरे आहेत का, असं त्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं! शंका उपस्थित झाल्यावरही ते आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले, हेही न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध धरलं. तेव्हा प्रत्येक दाखला मूळ ठिकाणी उघडून बघ. आणि फर्मने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय अशिलाचा एक शब्दही अशा साधनात टाकू नकोस.

गुप्ततेचं तेच. लिफ्टमध्ये, फोनवर, घरीसुद्धा अशिलाचं नाव तोंडातून निघता कामा नये. फायली टेबलावर पसरून जेवायला जाणारा इंटर्न कितीही हुशार असला, तरी त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

करार तपासायला मिळाला तर कंटाळू नकोस. "खरेदीदार" अशी व्याख्या केली असताना मध्येच "ग्राहक" आलाय का? कलम 14.2 मध्ये "कलम 9 प्रमाणे" म्हटलंय आणि मसुदा बदलताना ते कलम 10 झालंय का? असं एक सापडलं तरी मसुदा करणारा तुझं नाव विसरत नाही. सापडलं की गुपचूप बदलू मात्र नकोस. खूण करून दाखव.

काम वेळेत होणार नाही असं वाटलं, तर आधीच सांग. रिसेप्शनवरच्या, फायलिंग बघणाऱ्या लोकांशी नीट वाग. कोणता कागद कुठे अडतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

बाकीचे इंटर्न वयाने लहान असतील म्हणून संकोचू नकोस. ऑफिसात वावरायची तुला सवय आहे, आणि चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं तुला जमतं. कॉलेजात ते शिकवत नाहीत.

कोणत्या विभागात टाकलंय ते कळलं की लगेच कळव. लिटिगेशन, म्हणजे कोर्टातले खटले बघणारा विभाग, असेल तर पहिल्या आठवड्याआधी काय वाचून ठेवायचं, ते फोनवर बोलू.

तुझाच,
मित्र