पातेल्याला पोचा आलाय

शिवाजी पेठ, कोल्हापूर

सोनू,

पोचलीस काय? आत्या म्हणाली पोचली म्हणून, पण तू कळवलं असतंस तर बरं वाटलं असतं. असू दे, त्यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

रविवारी माझं चुकलं. रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर तू किचनमध्ये, रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात बर्फाचं पाणी आणि त्यात तुझं तोंड बुडवलेलं. मला दुसरं काय वाटणार सांग, तुला मागनं खांद्याला धरून ओढलं, पातेलं पडलं, आणि वर ओरडलो की एवढी हुशार असून कळत नाही काय तुला. सकाळच्या पहिल्या एस्टीनं गेलीस.

नंतर वाचलं मी. गार पाण्यात तोंड घालून श्वास धरला की काळजाचे ठोके कमी होतात, म्हणजे तू स्वतःला सावरत होतीस. ही डीबीटी, म्हणजे भावना सावरायला शिकवणारी थेरपी, काढणाऱ्या मार्शा लिनेहान बाईंनी पण २०११ ला जाहीर सांगितलं की तरुणपणी आपणही यातनंच गेलोय. तुला माहीतच असणार म्हणा.

बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, तुझा हा भावना टोकाला नेणारा आजार, म्हणजे मी माझ्या शुगरसारखं समजलेलो, काठावर आहे, जरा सांभाळलं की झालं. त्यात तू चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात आलेली, डोक्यानं मिटवशील वाटलं. पण दुकानात गिऱ्हाईक असताना माझ्याकडनं फोन राहिला की पप्पांना मी नकोय याची तू सात कारणं काढतीस, आणि सातही पटतील अशी.

गुरुवारी जाणार आहेस न्हवं? थेरपीच्या पहिल्या मॅडमना तीन वेळात सोडलंस, त्या काय बोलणार ते आधीच कळतंय म्हणून. कळत असेल गं. तालमीच्या कट्ट्यावर बसून डाव सगळ्यांनाच कळतात, म्हणून काय अंगात येतात? झालं, परत लेक्चर. सॉरी.

पाच वर्षाची असशील, रंकाळ्यावर तुला स्कूटरवर बसवून भेळ आणायला गेलो, दोन मिनिटं. आलो तर रडत नव्हतीस, नुसती म्हणालीस, मला वाटलं गेलासा. मी हसलो होतो तेव्हा, भेळवाल्याला पण सांगितलं.

काल मी पण त्या पातेल्यात तोंड घालून बघितलं. अकरापर्यंत मोजलं आणि नाकात पाणी गेलं. पोचा आलाय त्याला, आई म्हणते मोडीत घालू, मी नको म्हटलं.

गुरुवारी मॅडमकडनं बाहेर पडलीस की फोन कर. गिऱ्हाईक असलं तरी उचलतो.

पप्पा